छोटा फ्लॅश आणि पांढरी भिंत

माझ्या भाच्याच्या बारशाचे फोटो मी काढले तेव्हा कॅमेरा घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये दोन ट्यूब, पाळण्याभोवती बायकांची गर्दी. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू झालं तसा मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला आणि दीडशे फोटो काढले. रात्री बघितले तर पुढे वाकलेल्या आत्याचं कपाळ पांढरंफटक, तिच्या मागची पणजी अंधारात, पाळण्याची काळीकुट्ट सावली भिंतीला चिकटलेली आणि बाळाचे डोळे लाल. ताईच्या पैठणीच्या काठावरची जर नुसती पांढरी पट्टी होऊन बसली होती. तो प्रसंग परत येणार नव्हता. त्यानंतर दोन वर्षं मी फ्लॅशला हात लावला नाही.

फ्लॅशने फोटो बिघडतो, हे आपल्याकडे बहुतेकांनी मान्यच करून टाकलंय. मग लोक महागड्या लेन्सच्या मागे लागतात, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, सहा हजारांवर नेतात आणि ट्यूबच्या मरगळलेल्या उजेडात दाणेदार फोटो काढत राहतात. तळहातावर मावणारा, दोन किंवा चार पेन्सिल सेलवर चालणारा, मान फिरणारा एक साधा फ्लॅश काही हजारांत येतो आणि घरातल्या फोटोंसाठी तो त्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो. अट एकच. घरात त्याचं तोंड सहसा माणसाकडे करायचं नाही.

तांब्याला विचारा

चिंच लावून लख्ख घासलेला एखादा पितळी तांब्या टेबलावर ठेवा आणि फ्लॅश सरळ त्याच्यावर रोखून एक फोटो काढा. फोटो मोठा करून बघा. तांब्याच्या पोटावर तांदळाच्या दाण्याएवढा झगझगीत ठिपका दिसेल आणि मागे कात्रीने कापल्यासारखी सावली. आता तांब्या हलवू नका. फ्लॅशचं तोंड छताकडे करा आणि पुन्हा फोटो काढा. ठिपका गेलेला असेल. त्याच्या जागी तांब्याच्या खांद्यावर रुंद, दुधट उजेड पसरलेला दिसेल आणि सावलीची कड टेबलात विरघळून गेलेली असेल. फ्लॅश तोच आणि तांब्याही तोच, बदलला तो दिवा. पहिल्या फोटोत फ्लॅशची तीन बोटं रुंदीची काच हा दिवा होता. दुसऱ्यात छताचा चार-पाच फुटांचा तुकडा दिवा झाला.

सावली धारदार पडते की मऊ, हे उजेड किती प्रखर आहे यावर ठरत नाही. त्या वस्तूच्या जागी बसून बघितलं तर दिवा केवढा दिसेल, यावर ठरतं. सूर्य प्रचंड मोठा, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी डोळ्यांखाली खड्डे दिसतात. श्रावणात आभाळ भरून आलं की अख्खं आभाळ दिवा होतं आणि तोच चेहरा नितळ दिसतो. छोट्या फ्लॅशपुढे काम आहे ते हेच: त्या इवल्याशा काचेतून मोठा दिवा तयार करणं. त्यासाठी लागणारी वस्तू घरात आधीच उभी आहे, भिंत.

आकाराइतकीच दिशा महत्त्वाची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या अगदी डोक्यावर असतो. तिथून सुटलेला उजेड चेहऱ्याला समोरून भिडतो, सावल्या नाकामागे, गालामागे लपतात आणि चेहरा पत्र्यासारखा सपाट दिसतो. डोळे लाल होतात तेही त्यामुळेच. कमी उजेडात बाहुली मोठी झालेली असते, उजेड सरळ आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून परतून थेट लेन्समध्ये येतो. हाच उजेड वरून किंवा बाजूने आला की परतीची वाट लेन्सकडे येतच नाही. आजोबांच्या चष्म्यात दिसणारा पांढरा भगभगीत चौकोनसुद्धा त्याच नियमाने नाहीसा होतो. आणि पैठणी! जरीचा काठ समोरून मारलेल्या फ्लॅशने जळतो, पण बाजूने उजेड आला की मोराच्या पिसाऱ्यातला एकेक धागा वेगळा उठून दिसतो.

छत, भिंत आणि पाठीमागची भिंत

आपल्या फ्लॅटमध्ये छत साधारण साडेनऊ-दहा फुटांवर असतं आणि बहुतेक वेळा पांढरं असतं. फोटो काढणाऱ्याला याहून चांगली सोय मिळणार नाही. तरीही फ्लॅश सरळ वर करून थांबू नका. समोरचा माणूस जवळ असेल तर उजेड त्याच्या डोक्यावर कोसळतो, केस उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो. फ्लॅशची मान थोडी मागे किंवा बाजूला वळवा, म्हणजे छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर उजेड पडेल आणि तिथून तिरका खाली येईल.

मला सगळ्यात जास्त आवडते ती रीत लोकांना पहिल्यांदा वेड्यासारखी वाटते: फ्लॅशचं तोंड स्वतःच्या खांद्यावरून मागे करायचं. तुमच्या पाठीमागे चार-पाच फुटांवर पांढरी भिंत असेल तर ती सगळी भिंत उजळते आणि तुमच्या समोरच्या माणसाला एक भली मोठी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. फ्लॅश डाव्या खांद्यावरून मागे गेला तर खिडकी डावीकडे, उजव्या खांद्यावरून गेला तर उजवीकडे. फोटो काढताना कसरत करायची नाही, स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता इथे खिडकी असती तर ती कुठे हवी होती? फ्लॅशचं तोंड तिकडे वळवायचं.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, भिंतीचा रंग. भिंत उजेड परत देताना स्वतःचा रंगही देते. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड माणसाला कावीळ झाल्यासारखा दाखवतो, गुलाबी भिंत गाल पेटवते. अशा खोलीत छतावर भर द्या. दुसरी, पंखा. फ्लॅश नेमका पंख्याच्या खाली उभं राहून मारला तर तपकिरी पाती बराच उजेड खातात. दोन पावलं सरकलं की काम होतं.

जुन्या वाड्यात मात्र हे सगळं अडतं. लाकडी तुळया, काळवंडलेली तक्तपोशी, शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंती. उजेड वर जातो आणि परत येतच नाही. तिथे भिंत बरोबर न्यावी लागते. पांढरी चादर दोरीवर टाका, कुणाला तरी पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगा, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून दोन मोठे पांढरे कार्डशीट घ्या. कोकणातल्या एका घरात गौरीच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांचे फोटो मी एका पोराच्या हातात पांढरा पंचा देऊन काढले आहेत. तो पोरगा माझ्यापेक्षा चांगला कोन पकडायला लागला होता.

प्लॅस्टिकचं पांढरं टोपण, ज्याला दुकानदार डिफ्यूजर म्हणतात, त्याबद्दल एक स्पष्ट सांगतो. घरात ते उपयोगी पडतं, कारण ते उजेड सगळीकडे फेकतं आणि भिंती-छतावरून तो परत येतो. मैदानात, मंडपाबाहेर, रात्रीच्या रस्त्यावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे परत पाठवायला काही नसतं, टोपणाचा आकार फ्लॅशपेक्षा थोडासाच मोठा असतो आणि अर्ध्याहून जास्त ताकद हवेत वाया जाते. त्याऐवजी व्हिजिटिंग कार्डाच्या दुप्पट आकाराचा पांढरा पुठ्ठा रबरबँडने फ्लॅशच्या मागे लावा. फ्लॅश छताकडे असताना थोडा उजेड त्या पुठ्ठ्यावरून पुढे येतो आणि डोळ्यांत एक बारीक चमक उमटते. डोळे जिवंत दिसायला तेवढी पुरते.

ताकद मोजायची कशी

फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा लिहिलेला असतो. त्याचं गणित सोपं आहे: गाइड नंबर भागिले अंतर, म्हणजे लागणारं अ‍ॅपर्चर. हे म्हणजे लेन्समधलं भोक. ते एफच्या आकड्याने लिहितात, आकडा लहान तितकं भोक मोठं. आयएसओ १०० ला गाइड नंबर २० असेल आणि माणूस ५ मीटरवर असेल तर एफ ४. कॅननने तर हा आकडा फ्लॅशच्या नावातच घातला. २७०ईएक्स म्हणजे गाइड नंबर २७, ४३०ईएक्स म्हणजे ४३. आयएसओ चौपट केला, म्हणजे १०० वरून ४०० वर नेला, की गाइड नंबर दुप्पट होतो.

आकडे बघताना एक काळजी घ्या. मोठा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचा झूम पूर्ण पुढे असतानाचा असतो, जेव्हा उजेड टॉर्चसारखा अरुंद झोतात जातो. गोडॉक्स कंपनीच्या टीटी६०० फ्लॅशचा ६० हा आकडा २०० मिलिमीटर झूमला आहे, छोट्या टीटी३५० चा ३६ हा आकडा १०५ मिलिमीटरला. घरात वापरायच्या, रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सला तोच फ्लॅश त्याच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणून छोट्या फ्लॅशचा खरा आकडा २० धरून चालावं, फसगत होत नाही.

आता हे प्रत्यक्ष लावून बघू. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ, स्वयंपाकघरात आई ओट्यापाशी उभी राहून सोऱ्याने चकल्या पाडते आहे. ओट्यावर वर्तमानपत्र, त्याच्यावर चकल्यांच्या रांगा, कढईतून वाफ. माझ्याकडे एफ ४ आणि आयएसओ ४००. फ्लॅश छतावर मारला तर उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत साधारण साडेतीन मीटर चालतो. साडेतीन गुणिले चार म्हणजे १४, एवढा गाइड नंबर हवा. माझ्याकडचा २०, आयएसओ ४०० ला तो झाला ४०. पण छत सगळा उजेड परत देत नाही आणि जो देतं तो सगळीकडे विखुरतं. साधारण तीन चतुर्थांश गेला असं धरतो. उजेड एक चतुर्थांश झाला की गाइड नंबर निम्मा होतो, म्हणजे परत २०. हवेत १४, आहेत २०. म्हणजे अर्ध्या ताकदीवर काम होतं. आयएसओ ८०० केला तर पाव ताकद पुरते, फ्लॅश भराभर चार्ज होतो आणि सोऱ्याचा पीळ फिरतानाचे लागोपाठ तीन-चार फोटो मिळतात. मी ८०० च ठेवतो. आजच्या कॅमेऱ्यांना ८०० म्हणजे काहीच नाही.

दरवेळी कागद-पेन घेऊन बसायचं नाही. पहिला फोटो काढायचा, जास्त उजळला तर ताकद अर्धी, काळा आला तर दुप्पट. गणित एकदा समजलं की तो अंदाज दोन फोटोंत येतो, दहा फोटो वाया जात नाहीत.

अंतराचं अजून एक गणित लग्नाच्या ग्रुप फोटोत हटकून फसवतं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. पुढची रांग दीड मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्सा उजेड मिळतो. माझ्या बारशाच्या फोटोत पणजी अंधारात गेली ती यामुळेच. तुम्ही मागे सरकून पहिली रांग चार मीटरवर घेतली तर दुसरी साडेपाच मीटरवर जाते आणि तिला पहिलीच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. फरक बघण्यासारखा असतो. छतावरून मारला तर अजून चांगलं, कारण छतापासून दोन्ही रांगा जवळपास सारख्याच अंतरावर असतात.

नळ आणि कळशी

फ्लॅश शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शटर स्पीडचा, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो त्याचा. फोटोत खोलीचा उजेड किती आणि फ्लॅशचा किती, हे वेगवेगळं कसं ठरवायचं?

बाथरूममध्ये नळाची बारीक धार चालू आहे आणि तुम्ही तिच्याखाली बादली धरली आहे असं समजा. बादली जितका वेळ धराल तितकं पाणी भरेल. मधेच कुणीतरी भरलेली कळशी एकदम बादलीत ओतली. कळशीचं पाणी क्षणात पडून गेलं. त्यानंतर तुम्ही बादली दोन मिनिटं धरा की दहा, कळशीतून आलेलं पाणी तेवढंच राहणार. खोलीचा उजेड म्हणजे नळ, फ्लॅश म्हणजे कळशी, आणि बादली धरण्याचा वेळ म्हणजे शटर स्पीड. बादलीचं तोंड लहान-मोठं करणं म्हणजे अ‍ॅपर्चर. त्याचा परिणाम नळावरही होतो आणि कळशीवरही. म्हणून मागची खोली काळी येत असेल तर शटर सावकाश करा, १/२०० सेकंदावरून १/५० वर या. माणूस तेवढाच उजळ राहील, मागचे दिवे, देव्हारा, फुलांच्या माळा उजेडात येतील.

कळशी खरंच क्षणात रिकामी होते. फ्लॅशच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठलेली वीज झेनॉन वायू भरलेल्या काचेच्या नळीतून एकदम सुटते. पूर्ण ताकदीला हा लखलखाट साधारण १/३०० ते १/१००० सेकंद टिकतो आणि अगदी कमी ताकदीला १/२०००० सेकंदाच्या आसपास येतो. ताकद कमी करणं म्हणजे उजेड मंद करणं असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो लवकर तोडला जातो. पूर्वी मॅग्नेशियमची भुकटी पेटवून फोटो काढत, धुराने खोली भरून जायची. अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या या लखलखाटाला शिस्त लावली. दुधाचा थेंब पडल्यावर उठणारा मुकुट दाखवणारं त्यांचं १९५७ सालचं छायाचित्र याच तत्त्वावर आहे. तुमच्या हातातल्या स्वस्त फ्लॅशने पाव ताकदीवर नळाचं उडणारं पाणी गोठवता येतं. मुलांना दाखवून बघा, त्यांना वेड लागतं.

घरात शटर १/५० किंवा १/१०० ठेवायला मी सांगतो त्यालाही कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर या लयीत ठेवलं की एक फोटो पिवळट, एक निळसर, एक काळपट असं होत नाही.

वरच्या बाजूलाही एक सीमा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे दोन पडदे असतात. पहिला सरकून उघडतो, मागून दुसरा येऊन झाकतो. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण मिळतो जेव्हा पूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश तेव्हाच मारावा लागतो. त्याहून वेगवान शटरला दुसरा पडदा आधीच निघालेला असतो, म्हणून फोटोचा एक पट्टा काळा येतो. फ्लॅश बिघडला म्हणून दुकानात परत न्यायच्या आधी शटर स्पीड बघा. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल आणि फ्लॅश अजिबात पेटत नसेल तर सायलेंट शटर चालू राहिलंय का ते बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर फ्लॅश चालतच नाही.

पणती, फुलबाजी आणि जिलेटीनचा कागद

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, साधारण ५५०० केल्विन. केल्विन हे उजेडाचा रंग सांगणारं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा-तांबूस. पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, पणतीची ज्योत त्याहूनही तांबूस. अंगणात पणत्या लागलेल्या आहेत, भाची दारात बसून रांगोळीत रंग भरते आहे, तिथे तुम्ही पांढरा फ्लॅश मारला तर ती निळसर फिकट दिसते आणि मागचं सगळं केशरी. ती त्या संध्याकाळची वाटतच नाही.

यावरचा उपाय नाटकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: जिलेटीनचा कागद. फिकट नारिंगी रंगाचा एक तुकडा फ्लॅशच्या काचेवर चिकटपट्टीने लावा. फ्लॅशचा उजेड पणतीच्या जातकुळीचा होतो. मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कुठला धरायचा ती सेटिंग, बल्बवर किंवा त्याच्या जवळपास ठेवा आणि पूर्ण तटस्थ करायच्या फंदात पडू नका. दिवाळी थोडी पिवळीच दिसायला हवी.

फुलबाजीसाठी रिअर कर्टन सिंक नावाची सोय वापरा. एरवी शटर उघडल्याबरोबर फ्लॅश पेटतो, ही सोय चालू केली की शटर बंद होण्याच्या जरा आधी पेटतो. आयएसओ ४००, एफ ५.६, शटर अर्धा सेकंद, फ्लॅश १/१६ ताकदीला. मुलाने फुलबाजी गोल फिरवली की अर्धा सेकंद तिची सोनेरी रेघ उमटत जाते आणि शेवटी फ्लॅशने त्याचा हसरा चेहरा पक्का होतो. रेघ हाताच्या मागे राहते, पुढे पळत नाही. अंतर ठेवा आणि लेन्सवर ठिणगी उडू देऊ नका.

भर उन्हातही फ्लॅश

दुपारी बारा वाजता फ्लॅश लावलेला बघून लोक विचारतात, एवढं ऊन असताना? डोक्यावरचं ऊन आणि टोपीची किंवा फेट्याची सावली डोळ्यांवर आली की चेहरा काळवंडतो. तिथे समोरून हलका फ्लॅश हवा. इथे तो सरळ माणसाकडे करायला हरकत नाही, कारण मुख्य दिवा सूर्य आहे आणि फ्लॅश फक्त सावली उचलतो.

ताकदीचा अंदाज मात्र ठेवा. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ला अ‍ॅपर्चर एफ ११ च्या आसपास लागतं. गाइड नंबर २० चा फ्लॅश पूर्ण ताकदीने २० भागिले ११, म्हणजे १.८ मीटरवर उन्हाची बरोबरी करतो. पालखीत चालणाऱ्या वारकऱ्याचा चेहरा तुम्ही सहा फुटांवरून घेतलात तर छोटा फ्लॅश अर्ध्या ताकदीवर डोळ्यांवरची सावली सुंदर उचलतो. पंधरा फुटांवरून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला की खरी गंमत सुरू होते. कॅमेऱ्याकडून बिनतारी इशारा देणारा एक साधा रेडिओ ट्रिगर, नाहीतर फ्लॅशमधली ऑप्टिकल स्लेव्हची सोय वापरून तो डाव्या हातात लांब धरता येतो, कपाटावर ठेवता येतो, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवता येतो. ऑप्टिकल स्लेव्ह म्हणजे दुसरा कुठलाही फ्लॅश दिसला की हा पेटतो. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवून त्याला इशारा देता येतो. इथे एस१ आणि एस२ असे दोन पर्याय असतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश टीटीएलवर असेल, म्हणजे उजेड मोजण्यासाठी आधी एक चुणूक मारत असेल, तर एस२ निवडा. तो पहिली चुणूक सोडून देतो. एस१ वर ठेवलात तर फ्लॅश त्या चुणुकीलाच पेटून मोकळा होतो, शटर उघडतं तेव्हा तो रिकामा असतो. लग्नात ऑप्टिकल स्लेव्ह वापरू नका. समोरच्या प्रत्येक फोटोग्राफरच्या फ्लॅशला तुमचा प्रतिसाद देत बसेल आणि सेल संपवेल.

टीटीएल की मॅन्युअल, हा प्रश्न नेहमी येतो. टीटीएलमध्ये कॅमेरा ताकद स्वतः ठरवतो, मॅन्युअलमध्ये ती आपण ठरवतो. पळणाऱ्या मुलांमागे धावताना टीटीएल बरं पडतं, पण नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीने किंवा काळ्या कोटाने त्याचा हिशेब चुकतो आणि प्रत्येक फोटोत वेगळं चुकतो. शिकायचं असेल तर मी पहिला फ्लॅश मॅन्युअलच घ्या असं सांगेन. स्वस्तही पडतो.

घेताना बघा: मान वर-खाली आणि डावी-उजवी, दोन्हीकडे फिरते ना, ताकद १/६४ किंवा १/१२८ पर्यंत उतरते ना. आणि आपल्या कॅमेऱ्याच्या हॉट शूच्या, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेच्या मधोमध गोल ठिपका आहे का हे घरीच तपासून जा. अलीकडच्या काही स्वस्त बॉडींवर कंपन्यांनी तो मधला संपर्कबिंदू काढून टाकलाय, तिथे साधा मॅन्युअल फ्लॅश पेटत नाही. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश माळ्यावर सापडला तर भावनेच्या भरात डिजिटलवर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो, कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. बिघडलेला फ्लॅश घरी उघडू तर अजिबात नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जबर धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहते.

सेल रिचार्जेबल घ्या. निकेल मेटल हायड्राइडचे सेल १.२ व्होल्टचे असले तरी ते एकदम जास्त करंट देऊ शकतात, त्यामुळे साध्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर तयार होतो. चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले वापरा. पावसाळ्यात फ्लॅश कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि आतल्या स्प्रिंगा हिरव्या होतात.

जिथे फ्लॅश नको तिथे नको. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती मनापासून पाळावी. नाटकाच्या प्रयोगात नटाच्या डोळ्यांवर लखलखाट मारू नये. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर जवळून थेट तर नकोच. छतावरून आलेल्या मऊ उजेडाने बाळ बहुतेक वेळा दचकतही नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या कुणाला तरी भिंतीपासून चार फूट पुढे खुर्चीवर बसवा. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/५०, फ्लॅश पाव ताकदीला. एक फोटो छतावरून, एक उजव्या भिंतीवरून, एक डाव्या भिंतीवरून, एक तुमच्या खांद्यावरून मागे. पाचवा फोटो फ्लॅश सरळ समोर करून, ताकद १/३२ वर उतरवून. पाचही फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि दर वेळी नाकाची सावली कुठे पडली आहे तेवढंच बघा.